लहान दवाखाना आणि रोग्याचे गुपित

इसवी सन १६२२ च्या जानेवारी महिन्यात तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात शाहजादा खुसरो मरण पावला. तो त्या वेळी आपला धाकटा भाऊ खुर्रम, म्हणजे पुढचा बादशहा शहाजहान, याच्या ताब्यात होता. जहांगीर बादशहाकडे पोचलेली बातमी अगदी त्रोटक होती : पोटशूळाने अंत झाला. बादशहाने आपल्या आठवणींत ती तशीच नोंदवून ठेवली. बाजारात मात्र वेगळेच बोलले जात होते, आणि परदेशी प्रवाशांनी व व्यापाऱ्यांनी लिहून ठेवले ते बाजारातलेच. त्यांच्या मते शूळ हे निमित्त होते आणि खुसरोचा गळा दाबला गेला होता. आजारीपणाची हकीकत कोणी सांगावयाची, कोणाला सांगावयाची आणि ती खरी मानावयाची की नाही, हा प्रश्न या शहरात असा चारशे वर्षांपूर्वीच उभा राहिला.

बुऱ्हाणपूरच्या इतिहासात असे आजार बरेच आहेत. १६२६ साली शाहजादा परवीझ येथेच वारला. मद्याने तो पोखरला होता, तरी विषाची कुजबुज झालीच. १६३१ च्या १७ जूनला मुमताज महल चौदाव्या अपत्याच्या प्रसूतीत येथे निवर्तली. नदीपलीकडच्या झैनाबादच्या बागेत तिला काही महिने तात्पुरते पुरण्यात आले आणि त्या वर्षाच्या अखेरीस तिचा देह आग्र्यास नेण्यात आला. तिच्या अंतकाळाचे इतके तपशील लिहिले गेले आहेत की, एका बाईच्या बाळंतपणाला एवढे वाचक लाभावेत याचा क्षणभर संकोच वाटतो. मराठी माणसाला पुरंदरच्या तहामुळे परिचित असलेले मिर्झाराजे जयसिंग १६६७ च्या ऑगस्टमध्ये दक्षिणेतून परत जाताना येथेच वारले. त्यांची छत्री आजही शहराजवळ उभी आहे. त्यांच्याही मृत्यूभोवती विषप्रयोगाची वदंता आहे. वैद्य काय म्हणाला हे कोणास ठाऊक नाही; लोक काय म्हणाले हे सर्वांस ठाऊक आहे.

राजाच्या आजाराचे गुपित किती महाग पडते, हे १६५७ साली दिसले. सप्टेंबरात शहाजहान दिल्लीस आजारी पडला आणि काही दिवस झरोक्यात दर्शनास आला नाही. दारा शुकोहने भेटीगाठी बंद केल्या आणि डाकेवर पहारा बसविला. झाकलेल्या बातमीची जागा अफवेने घेतली, आणि बादशहा गेलाच असे समजून शुजाने बंगालात व मुरादने गुजराथेत स्वतःच्या नावे राज्य पुकारले. औरंगजेब औरंगाबादेहून निघून १६५८ च्या फेब्रुवारीत बुऱ्हाणपुरास आला. सुमारे महिनाभर त्याने येथे तयारी केली आणि मार्चमध्ये तो नर्मदेकडे निघाला. ज्याच्या प्रकृतीवर साऱ्या मुलखाचे स्वास्थ्य अवलंबून आहे, त्याचा आजार केवळ त्याचा राहत नाही. हा मुद्दा पुढे एका वेगळ्याच खटल्यात पुन्हा भेटावयाचा आहे.

पण बादशहाची गोष्ट निराळी आणि मोमिनपुऱ्यातील विणकराची निराळी. त्याला खोकला झाला, त्याच्या घरात अवेळी गर्भ राहिला, त्याच्या भावाला भ्रम झाला, तर त्याची नोंद कोणत्याही बखरीत होत नाही. तरी त्याला भीती असतेच, आणि ती दिल्लीची नसून गल्लीची असते. मुलीचे लग्न मोडेल, मालक कामावरून काढील, बिरादरीत बोलणे होईल. हे भय राजाच्या भयाहून लहान आहे असे कोण म्हणेल?

आज प्रश्न विचारला जातो तो असा : रोग्याच्या गुप्ततेचे नियम मोठमोठ्या रुग्णालयांना ठीक, पण एका खोलीत बसणारा एकटा डॉक्टर, ज्याच्याकडे एक कंपाउंडर, दोन बाक आणि एक पडदा एवढाच संसार, त्यालाही ते लागू आहेत काय? प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात असे गृहीत असते की, हा नियम मोठ्या इमारतींसाठी जन्मला आणि आता तो लहानांच्या गळ्यात बांधला जात आहे. इतिहास नेमका उलट आहे. हा नियम जन्मला तोच एकट्या वैद्यासाठी.

बुऱ्हाणपूर हे गाव या दृष्टीने मोठे सोयीचे आहे. येथे पंडित शिवनाथ शास्त्री यांच्या नावाचे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, सैफिया हमीदिया युनानी तिब्बिया महाविद्यालय आहे, आणि पाश्चात्त्य वैद्यक शिकलेले डॉक्टर तर आहेतच. वैद्य, हकीम आणि डॉक्टर या तिन्ही परंपरा एकाच बाजारपेठेत, हाकेच्या अंतरावर नांदतात. तिघांच्याही मूळ शास्त्रांत रोग्याच्या गुपिताविषयी आज्ञा आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानात गुरू शिष्याला विद्या देण्यापूर्वी जी आचारसंहिता सांगतो, तिच्यात रोग्याच्या घरी कसे जावे याचा बारीक विचार आहे. ओळखीच्या आणि घरात प्रवेशाचा अधिकार असलेल्या माणसाबरोबर जावे, अंग नीट झाकलेले असावे, मान खाली असावी, आणि आत गेल्यावर मन व वाणी रोग्याच्या हिताखेरीज दुसरीकडे वळू देऊ नये. त्या घरातील व्यवहार बाहेर बोलू नयेत. त्याहून सूक्ष्म गोष्ट अशी की, रोग्याचे आयुष्य सरत आले आहे हे कळले तरी जेथे ते सांगितल्याने रोग्याला किंवा आणखी कोणाला आघात पोचेल तेथे ते उच्चारू नये. युनानी परंपरेत दहाव्या शतकातील इराणी हकीम अली इब्न अब्बास अल्‌ मजूसी याने आपल्या वैद्यकग्रंथात हकिमाच्या कर्तव्यांमध्ये रोग्याचे रहस्य राखणे घातले आहे. हा मनुष्य बुवैही राजाच्या पदरी होता. म्हणजे राजाच्या नाडीपासून सामान्याच्या नाडीपर्यंत तोच नियम, असे त्याला वाटत असावे. ग्रीक वैद्यांच्या नावे चालत आलेली हिपोक्रेटिसची शपथ तर सर्वांनाच परिचित आहे.

या वचनांत, विशेषतः संस्कृत आणि ग्रीक वचनांत, एक समान शब्द डोळ्यांत भरतो, आणि तो म्हणजे ‘घर’. वैद्य घरात जातो. त्या काळी रोगी वैद्याकडे येण्याहून वैद्य रोग्याकडे जाण्याचाच प्रघात अधिक. माजघरापर्यंत परक्या पुरुषाला नेणे हे त्या समाजात केवढे धाडस होते! तेथे त्याला आजार तर दिसेच, पण कर्ज, भांडण, सुनेची अवस्था आणि रिकामी कोठीही दिसे. त्याने बाहेर येऊन तोंड उघडले तर पुढच्या वेळी दार उघडणार नाही, आणि दार उघडले नाही तर रोगी मरेल. गुप्ततेचा नियम हा असा औषधाचाच एक भाग होता. रुग्णालये, नोंदवह्या आणि कचेऱ्या पुष्कळ नंतर आल्या.

इंग्रजी अंमलात या नियमाला एक चमत्कारिक कलाटणी मिळाली. १७७६ साली लंडनमध्ये किंग्स्टनच्या डचेसवर द्विभार्याप्रतिबंधासारख्याच, पण दोन नवऱ्यांच्या, आरोपावरून खटला चालला. तिच्या शल्यवैद्याने साक्षीच्या पिंजऱ्यात विचारले की, धंद्याच्या विश्वासात कळलेली गोष्ट सांगणे मला भाग आहे काय? लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी उत्तर दिले की, न्यायालयापुढे भाग आहे. हाच विचार १८७२ च्या भारतीय पुराव्याच्या कायद्यात उतरला. वकिलाला अशिलाचे गुपित राखण्याचे संरक्षण त्यात मिळाले, डॉक्टरला मिळाले नाही. २०२३ साली त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी ही विषमता तशीच राहिली. फौजदाराच्या प्रश्नापुढे वकील गप्प राहू शकतो आणि न्यायाधीशाच्या आज्ञेपुढे डॉक्टरला बोलावे लागते, हे अनेक सुशिक्षितांनाही माहीत नसते.

दुसरी कलाटणी प्लेगने दिली. १८९७ च्या साथीच्या रोगांच्या कायद्याने सरकारला जे अधिकार दिले, त्यांचा पुण्यात कसा वापर झाला हे महाराष्ट्राला सांगण्याची गरज नाही. गोरे सोजीर स्वयंपाकघरापर्यंत शिरले, बायकांच्या काखा-जांघा तपासल्या गेल्याच्या तक्रारी झाल्या, आणि २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. साथीत रोग्यांची माहिती सरकारला हवी, यात चूक नव्हती. पण माहिती मिळविण्याची रीत अशी होती की लोक आजारी माणूस माळ्यावर लपवू लागले. चरकाने सांगितलेल्या, ओळखीच्या माणसाबरोबर खाली मान घालून येणाऱ्या वैद्याच्या जागी बंदूकधारी आला होता.

त्यानंतरच्या काळात डॉक्टरांच्या नोंदणीचे कायदे झाले. मुंबई इलाख्यात १९१२ साली आणि बुऱ्हाणपूर ज्यात होते त्या मध्य प्रांतात १९१६ साली. या कायद्यांनी एक महत्त्वाची गोष्ट केली. त्यांनी बंधन इमारतीवर न घालता माणसावर घातले. ज्याचे नाव नोंदपटावर आहे तो बांधला गेला, मग तो शंभर खाटांच्या रुग्णालयात बसो की पिंपळाखालच्या खोलीत. महायुद्धानंतर १९४८ साली जिनेव्हाच्या घोषणेत जगातील डॉक्टरांच्या संघाने गुपिताचे वचन नव्याने लिहिले, आणि १९६८ साली त्यात भर घातली की, रोग्याच्या मृत्यूनंतरही ते पाळावयाचे. मुमताज महलला ही सवलत तीनशे सदतीस वर्षे उशिरा मिळाली.

आज भारतात ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना लागू असलेली आचारनियमावली २००२ ची आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तिच्या जागी नवी नियमावली काढण्यात आली होती, पण त्याच महिन्यात ती स्थगित झाली. २००२ च्या नियमांप्रमाणे धंद्यात कळलेले रोग्याचे रहस्य तीन प्रसंगी उघड करता येते : न्यायाधीशाच्या आज्ञेवरून, एखाद्या विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर व निश्चित धोका असेल तेव्हा, आणि कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या बाबतीत. रोग्याची ओळख पटेल असे छायाचित्र त्याच्या परवानगीवाचून प्रसिद्ध करता येत नाही. रुग्णालयात दाखल केलेल्या रोग्याचे कागद तीन वर्षे राखावे लागतात आणि मागितल्यास बहात्तर तासांत द्यावे लागतात. वैद्य-हकिमांसाठी १९८२ साली स्वतंत्र आचारनियम झाले व त्यांतही गुप्ततेचे कलम आहे. या साऱ्यांत डॉक्टरची खोली किती लांब-रुंद असावी याचा उल्लेख कोठेही नाही.

मग लहान दवाखाने सुटले आहेत असा समज पसरला कसा? त्याचे मूळ बहुधा खाटांच्या कायद्यात आहे. मुंबई राज्याचा १९४९ चा शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा रोगी ठेवून घेणाऱ्या जागांपुरता होता. खाट नाही तर नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही तर नियम नाही, अशी समजूत त्यातून सहज होते. मध्य प्रदेशाचा १९७३ चा कायदा उपचर्यागृहांबरोबर इतर उपचारस्थानांचाही विचार करतो. पण नोंदणी ही जागेची बाब आहे आणि गुपित ही माणसाची. रावेर-मुक्ताईनगरकडचा रोगी बुऱ्हाणपुरास येतो आणि बुऱ्हाणपूरचा रोगी भुसावळ-जळगावास जातो. राज्याची सीमा त्याच्या पिशवीतल्या कागदांना अडवीत नाही, तशी ती डॉक्टरच्या कर्तव्यालाही अडवीत नाही.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली, तेव्हा एकट्या डॉक्टरचा दवाखानाही तीत आला. काही विषयांत तर संसदेने वेगळे आणि कडक बंधन घातले आहे. १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्याखालील नोंदवही गुप्त ठेवावयाची असते. २०२१ च्या दुरुस्तीने त्या स्त्रीचे नाव अधिकार नसलेल्या माणसास सांगणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद केली. मानसिक आरोग्याचा आणि एच. आय. व्ही. बाधितांच्या संरक्षणाचा, असे २०१७ चे दोन कायदेही गुप्ततेविषयी स्पष्ट बोलतात. त्याच वर्षी २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला.

गुपित कोठे संपते, हा प्रश्न मात्र अवघड आहे. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. एका तरुणाने नातलगासाठी रक्त देऊ केले, तपासणीत त्याला एच. आय. व्ही. ची बाधा आढळली, ती बातमी रुग्णालयाकडून फुटली आणि त्याचे ठरलेले लग्न मोडले. न्यायालयाने म्हटले की गुप्ततेचा हक्क आहे, पण तो निरपवाद नाही. ज्या मुलीशी त्याचे लग्न ठरले होते तिलाही निरोगी जीवनाचा हक्क आहे. विवाहाच्या हक्काविषयी त्या निकालात जी जादा मते होती ती अनावश्यक असल्याचे २००२ साली न्यायालयानेच सांगितले. पण धोक्यात असलेल्या एका व्यक्तीला सावध करणे वेगळे आणि साऱ्या गावाला कळणे वेगळे. लहान दवाखान्यात घोटाळा होतो तो येथेच. क्षयाचे उदाहरण घ्यावे. २०१२ पासून खासगी डॉक्टरनेही क्षयाचा प्रत्येक रोगी सरकारी यंत्रणेला कळवावयाचा आहे, आणि २०१८ पासून न कळविणे शिक्षेस पात्र आहे. म्हणजे यंत्रमागावर काम करणाऱ्या मजुराचा क्षय आरोग्य खात्याला कळविणे हे कर्तव्य झाले. पण तीच गोष्ट चौकशीस आलेल्या कारखानदाराला सांगणे हा कर्तव्यभंग झाला. एकाच तोंडाने दुपारी बोलावयाचे आणि संध्याकाळी गप्प राहावयाचे, ही कसरत मोठ्या रुग्णालयात दोन वेगळी माणसे करतात. लहान दवाखान्यात ती एकालाच करावी लागते.

बादशहाच्या आजाराचा जो मुद्दा मागे राहिला होता तो २००७ साली मुंबई उच्च न्यायालयात पुन्हा आला, आणि तोही तापीच्याच खोऱ्यातून. नंदुरबार जिल्ह्यातील लोकप्रतिनिधी व महाराष्ट्राचे माजी मंत्री सुरूपसिंग नाईक यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल एक महिन्याची कैद झाली होती, आणि त्या काळाचा बराच भाग त्यांनी मुंबईच्या सरकारी रुग्णालयात काढला. माहिती अधिकाराखाली कोणी त्यांचे कागद मागितले. नाईकांनी गुप्ततेचा आधार घेतला. न्यायालयाचा कौल असा पडला की, आचारनियमांपेक्षा माहिती अधिकाराचा कायदा वरचढ आहे आणि शिक्षा भोगणाऱ्या लोकप्रतिनिधीच्या बाबतीत लोकहित मोठे आहे. निकाल वादग्रस्त ठरावा असाच आहे, कारण कैद्यालाही शरीर असते. तरी शहाजहानचा झरोका आठवला की त्यामागचा विचार समजतो. सत्तेवर बसलेल्याचा आजार आणि मागावर बसलेल्याचा आजार कायद्याने एका मापाने मोजला नाही, आणि या वेळी झुकते माप मागावरच्याला मिळाले.

लहान डॉक्टरांची तक्रार ऐकून घेण्यासारखी आहे. खोली एक, रोगी चाळीस, बाहेर उन्हात माणसे उभी; प्रत्येकाला वेगळे दालन कोठून आणावयाचे? अमेरिकेत १९९६ च्या कायद्याखाली झालेले गुप्ततेचे नियम २००३ च्या एप्रिलपासून लागू झाले, तेव्हा तेथेही हीच ओरड झाली. तेथल्या नियमकर्त्यांनी कर्तव्य सर्वांना एकच ठेवले आणि ते पाळण्याची साधने संस्थेच्या आकारमानाप्रमाणे निवडू दिली. विजेरी मार्गाने विम्याचे व्यवहार करणारा डॉक्टर एकटा असला तरी त्यातून सुटला नाही. २०१२ साली ॲरिझोनातील एका लहान हृदयशल्यवैद्यांच्या दवाखान्याने रोग्यांच्या भेटींच्या वेळा सर्वांना दिसतील अशा दिनदर्शिकेवर टाकल्या होत्या; त्याला एक लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावे लागले. बुऱ्हाणपूरच्या डॉक्टरला एवढ्या मोठ्या आकड्याची उदाहरणे नको आहेत. त्याला हवा आहे एक जाड पडदा, बाक चार हात मागे सरकविण्याची जागा, आणि रोग्याचे नाव पुकारताना त्याच्या रोगाचेही नाव न पुकारणारा कंपाउंडर. जेथे सर्व सर्वांना ओळखतात तेथे हे कठीण असते, पण तेथेच ते अधिक लागते. महानगरात शेजारच्या बाकावरचा माणूस परका असतो. येथे तो व्याह्याचा मेहुणा असतो.

आता संगणक आला आहे, आणि डॉक्टरच्या खिशातल्या फोनवर तपासणीचे अहवाल व जखमांची छायाचित्रे फिरत आहेत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा मंजूर झाला. त्याखालचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात निघाले आणि मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी अमलात यावयाची अशी योजना झाली. माहिती सुरक्षित न राखल्यास दंडाची कमाल मर्यादा अडीचशे कोटी रुपये आहे. काही वर्गांना काही कलमांतून सवलत देण्याचा अधिकार सरकारने राखला आहे, पण लहान दवाखान्यांना सरसकट माफी त्या कायद्यात लिहिलेली नाही. मौज अशी की हा कायदा संगणकात असलेल्या किंवा मागाहून संगणकात भरलेल्या माहितीपुरता आहे. कागदाच्या वहीला तो शिवत नाही. २००२ च्या आचारनियमांत कागद शक्यतो संगणकावर न्यावेत असा सल्ला आहे, आणि तो मानणारा डॉक्टर पहिले नाव टंकित करताच नव्या कायद्याच्या कक्षेत येतो. जुन्या वह्यांचे मात्र तीन वर्षांनंतर काय करावे हे त्या नियमांत सांगितलेले नाही. जागा अपुरी पडली की त्या रद्दीत जातात, आणि रद्दीवाल्याकडून किराणा दुकानात. नावे, वये आणि रोग यांच्यासह.